टीबीची गाठ की बुरशीचं गळू?

तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षा अडकली की मेंदूच्या एमआरआयचा लखोटा उघडला जातो. रिपोर्टात ‘रिंग एन्हान्सिंग लीजन’ असं छापलेलं असतं आणि रिक्षा घरी पोचेपर्यंत फॅमिली ग्रुपवर टीबीचं निदान होऊनही जातं. आपल्याकडे टीबी इतका आहे की हा अंदाज बऱ्याचदा खरा ठरतो. पण रिंग म्हणजे काँट्रास्ट (शिरेतून सोडलेलं औषध) दिल्यावर उजळणारी कड, एवढंच. टीबीच्या गाठीला ती असते, बुरशीच्या गळवाला असते, कधीकधी कॅन्सरलाही.

खरी ओळख आत पटते. जुन्या, घट्ट टीबीच्या गाठीचा गाभा टी-टू या प्रकारच्या एमआरआय चित्रात काळपट दिसतो आणि शेजारी तिची भावंडं, म्हणजे तशाच गाठी, चिकटलेली असतात. बुरशीच्या गळवाची भिंत वेडीवाकडी असते. तिच्यातून आत पोकळीत टोकं शिरलेली असतात. ही टोकं काँट्रास्ट घेत नाहीत, पण डिफ्युजनमध्ये, म्हणजे पाण्याची हालचाल टिपणाऱ्या एमआरआय चित्रात, चमकतात. फसवणूक अशी, की ॲस्परजिलस या बुरशीच्या गळवाची कडही टी-टूमध्ये काळी दिसू शकते. नुसत्या काळेपणावर जाऊ नये.

मला सगळ्यात मजेशीर वाटते ती स्पेक्ट्रोस्कोपी, एमआरआय मशीनवरच होणारी रसायनांची तपासणी. तिच्यात चित्र नसतं, आलेखावर रसायनांचे उंचवटे असतात. टीबीत चरबीचा उंचवटा वर येतो, तर बुरशीत आलेखाच्या पट्टीवर ३.६ ते ३.८ पीपीएमच्या आसपास ट्रेहॅलोज दिसू शकतं. ही साखर माणसाचं शरीर बनवतच नाही! अर्थात, दरवेळी ती सापडेलच असं नाही.

नाकाकडेही बघावं लागतं. म्युकर, म्हणजे काळी बुरशी, सायनसमधून डोळ्यामागे आणि तिथून मेंदूत चढतो, हे २०२१ च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपण पाहिलंच. अशी बुरशी प्रतिकारशक्ती खचलेल्यांना गाठते, म्हणून स्कॅनच्या फॉर्मवर मधुमेह, स्टेरॉईड, किंवा खारघरला ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात ब्लड कॅन्सरची केमो चालू असेल तर तेही लिहा. ती ओळ बहुतेक वेळा कोरीच येते.

एवढा कीस काढायचा कारण मेंदूच्या टीबीत गोळ्यांसोबत स्टेरॉईड देतात आणि बुरशीला तेच पथ्यावर पडतं. बरं, बुरशीतही एक औषध सगळ्यांना चालत नाही: ॲस्परजिलसला व्होरिकोनाझोल, म्युकरवर मात्र ते निकामी, तिथे ॲम्फोटेरिसिन लागतं. ‘गोळ्या सुरू करून बघू, वाढली तर बुरशी’ हा हिशेबही जमत नाही. टीबीची गाठसुद्धा योग्य औषध चालू असताना काही काळ वाढू शकते. शंका उरलीच तर न्यूरोसर्जन सुईने तुकडा काढून तपासायला पाठवतात.