बेडूक ऊन खात का बसत नाही?

डिसेंबरच्या सकाळी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, सरडा ऊन खात बसलेला हमखास दिसतो. बेडूक तिथं फिरकतही नाही. खरं तर दोघेही थंड रक्ताचे, म्हणजे अंगातली ऊब बाहेरून घेणारे. मग वागण्यात एवढा फरक का?

फरक कातडीचा. सरड्याच्या खवल्यांतून पाणी सहजी निसटत नाही. तो निवांत तापतो, जास्त झालं की सावलीला सरकतो. भर दुपारी त्याचं रक्त आपल्याहूनही गरम असू शकतं. बेडकाची कातडी पातळ आणि ओली. तिच्यातूनच तो पाणी शोषतो, थोडाफार श्वासही घेतो. पण तिच्यावरचं पाणी सतत उडून जातं आणि मडक्यातल्या पाण्यासारखं त्याचं अंग गार पडतं. गडग्यावर बसला तर ऊब मिळण्याआधी वाळून जायचा. म्हणून बहुतेक बेडूक ओल धरून राहतात आणि रात्री बाहेर पडतात.

थंड रक्ताच्या प्राण्यांत मासे, साप, मगरी, कीटक सगळेच येतात. त्यांचं एकमेकांशी जवळचं नातं असेलच असं नाही. उभयचर हे मात्र एक कूळ आहे. सगळे उभयचर थंड रक्ताचे, पण थंड रक्ताचा प्रत्येक प्राणी उभयचर नव्हे. आपल्याकडे उभयचर म्हणजे बेडूक हे समीकरण इतकं पक्कं आहे, की देवगांडूळ कुणाच्या गावीही नसतं. पाय नसलेला हा उभयचर ओल्या मातीतच आयुष्य काढतो. 2007 साली नोंदवलेल्या त्याच्या एका जातीला चक्क गोव्याचं नाव आहे: गेगेनिओफिस गोएन्सिस.

अंग गरम ठेवण्यावर अन्न जाळावं लागत नसल्याने बेडकाचं थोडक्यात भागतं. त्यामुळेच उन्हाळाभर तो जमिनीत उपाशी पडून राहू शकतो आणि जूनच्या पहिल्या पावसाला वर येतो. नेमकं तेव्हाच काही लोक टॉर्च घेऊन ‘जंपिंग चिकन’च्या, म्हणजे खाण्यासाठी बेडकांच्या, मागे निघतात. 1972च्या वन्यजीव कायद्याने ही शिकार गुन्हा आहे, आणि विणीच्या काळात मारलेल्या मादीबरोबर हजारो अंडीही जातात.

वाचलेल्यांपैकी काही जण सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, उथळ डबक्यांत अंडी घालतात. बेडकाची पिल्लंही थंड रक्ताचीच, त्यामुळे डबकं तापलं की, अर्थात सोसेल इतपत, ती भराभर वाढतात. पण त्याच उन्हाने डबकं आटतंही. पावसाने मध्येच दडी मारली, तर पाय फुटून बाहेर पडायला त्यांच्या हाती मोजकेच दिवस उरतात.