पार्श्वभूमी : बायकांचं वय, स्वतःचा फोटो आणि रिटचिंगची पेन्सिल

स्वतःचा फोटो स्वतः काढणं कॅमेऱ्याइतकंच जुनं. १८३९-४० मध्येच परदेशात असे फोटो निघाले. पण फोटोतल्या बाईच्या सुरकुत्या ठेवायच्या की पुसायच्या, हा खरा प्रश्न आपल्याकडे बराच पुढे, साताऱ्या-सांगलीच्या पेठांमधल्या स्टुडिओंत उभा राहिला.

कृष्णधवल फोटोंच्या काळात रिटचिंग, म्हणजे काढलेल्या फोटोवर हाताने डागडुजी करणं, हे वेगळं, नजरेचं काम होतं. निगेटिव्ह, म्हणजे जिच्यावर काळं-पांढरं उलटं उमटतं ती फिल्म, उजेडावर ठेवायची आणि टोकदार पेन्सिलीने एकेक सुरकुती भरत जायची. सुरकुतीची सावली निगेटिव्हवर पारदर्शक दिसते. तिथे शिसाचा थर बसला की प्रिंटवर रेघ नाहीशी. डोळ्यांखालची वर्तुळं, ओठांकडेच्या घड्या, सगळं असंच जायचं. कारागिरी अप्रतिम, यात शंका नाही. पण सुरकुत्या काढायच्या की ठेवायच्या, हे ठरवायचं कोणी? यावर अजून एकमत नाही. गिऱ्हाईक बाईलाच तसं हवं असायचं, असं एक बाजू सांगते. काहींना हवं असेलही. पण विचारायचं कोण? पुरुषाच्या कपाळावरच्या आठ्या भारदस्त म्हणून राहायच्या, शेजारच्या बायकोच्या मात्र पुसल्या जायच्या. तिचा चेहरा कसा दिसावा हे परस्पर ठरत होतं, आणि माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ तेच आहे.

मुळात चाळिशीनंतर बाईचा एकटीचा फोटो निघायला निमित्त लागे. लग्नाच्या ग्रुप फोटोत ती असे, साठीशांतीत नवऱ्याशेजारी असे. पुढे हार घालायची वेळ आली की त्याच ग्रुपमधून चेहरा काढून मोठा करायचा. घरी कॅमेरा असला तरी रोलवर फोटो बाराच. टायमर लावून त्यातला एक स्वतःवर खर्च करणारी विरळाच.

त्याच सुमारास, १९७५ मध्ये, पन्नाशी ओलांडलेल्या एका अमेरिकन छायाचित्रकार बाईने चेहरा ताणून घेण्याच्या शस्त्रक्रियेनंतर टाक्यांसकट स्वतःचे फोटो काढले. नंतर ब्रिटनमधल्या एकीने स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांत कॅमेरा स्वतःकडे वळवला. काय दाखवायचं, ते दोघींनी स्वतः ठरवलं होतं.

रंगीत फिल्मच्या चिमुकल्या निगेटिव्हवर पेन्सिल चालेना. मग फोटोशॉप आलं, मग पुढे कॅमेरा असलेले फोन. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात साठीतल्या मैत्रिणी आता स्वतःचे फोटो मनसोक्त काढतात. पण कितीतरी फोनांत चेहरा गुळगुळीत करणारा ब्यूटी मोड आधीपासूनच चालू असतो, म्हणजे पुन्हा न विचारताच. उलट नोव्हेंबर २०२१ पासून पेन्शनचा हयातीचा दाखला फोनसमोर चेहरा धरून देता येतो, आणि तिथे आहे तोच चेहरा लागतो.