नाव की होडी? एका ओळीचे गणित आणि नाद

ही ओळ एकदा मोठ्याने म्हणून पाहा.

नदीच्या तळाशी जुनी नाव आहे

आता एकच शब्द बदलून म्हणा.

नदीच्या तळाशी जुनी होडी आहे

अर्थ तोच राहिला. अक्षरेही दोन्हींत बाराच. तरी दुसऱ्या वेळी 'होडी'पाशी जीभ अडखळते, अंधारात पायरी चुकावी तसे होते. वृत्तांचा कधी अभ्यास न केलेल्यालाही हे जाणवते. कवितेतली सर्वांत विलक्षण गोष्ट मला हीच वाटते: कानाला नियम कळलेला असतो, तोंडाला तो सांगता येत नाही. ही ओळ मी या लेखापुरती रचली आहे. तिच्यात थोडी थोडी अदलाबदल करत गेलो की छंद, अलंकार, प्रतिमा असे पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेले विषय एकाच जागी भेटतात.

कान इथे वेळ मोजत असतो. अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेले अक्षर लघू, त्याची एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ यांचे अक्षर गुरू, त्याच्या दोन मात्रा. अनुस्वार किंवा विसर्ग आला तरी अक्षर गुरू होते. जोडाक्षराच्या आधीचे लघू अक्षरही गुरू धरतात, आणि हा नियम मनमानी नाही. 'सत्य' म्हणताना आपण 'सत्-य' असे तोडतो. त्याचा पहिला तुकडा व्यंजनाने बंद होतो, जीभ क्षणभर थांबते, आणि तेवढा वेळ 'स'च्या खात्यात जमा होतो. जिथे ही थाप पडत नाही तिथे नियमही लागू होत नाही. 'तुझ्या'मधला 'तु' आणि 'दुसऱ्या'मधला 'स' लघूच राहतात, कारण पुढचे जोडाक्षर आपण हलकेच उचलतो. छंदाचे नियम लिपीवरून नव्हे तर उच्चारावरून ठरतात, याचा एवढा सोपा पुरावा दुसरा नसेल.

आता पहिली ओळ मोजू. लघूसाठी 'ल' आणि गुरूसाठी 'गा' लिहिले तर 'नदीच्या' म्हणजे लगागा. 'तळाशी' लगागा. 'जुनी ना' लगागा. 'व आहे' पुन्हा लगागा. म्हणजे एकच नक्षी चार वेळा आली. 'होडी' घातली की दहाव्या जागी, जिथे लघू हवा तिथे, 'डी' हा गुरू येऊन बसतो आणि वीस मात्रांची ओळ एकवीस मात्रांची होते. चाल सोडायची नाही असे ठरवून ती ओळ म्हणणारा माणूस नकळत 'होडि आहे' असे म्हणू लागतो. जुन्या कवितेत वृत्तासाठी शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ बदललेले दिसते, ते असेच घडलेले आहे. आणखी एक बारकावा मला फार आवडतो. रोजच्या बोलण्यात आपण 'नाव' हा शब्द 'नाव्' असा उच्चारतो, शेवटचा 'अ' गळून गेलेला असतो. वृत्तात मात्र त्या 'व'ला त्याची पूर्ण मात्रा मिळते. बोलीने टाकून दिलेला स्वर छंदाने जपून ठेवला आहे.

लगागाच्या चार आवर्तनांचे हे वृत्त म्हणजे भुजंगप्रयात. भुजंग म्हणजे साप, प्रयात म्हणजे चाल. फारसी-अरबी छंदशास्त्रात हीच नक्षी 'मुतकारिब' या नावाने आहे. तिथे तिचा घटक 'फऊलुन' असा ओळखतात आणि गझलेत तो चार वेळा येतो. दोन वेगळ्या परंपरा, मोजणीच्या दोन वेगळ्या परिभाषा, आणि तरी ओठांवर येणारी लय एकच.

तीन-तीन अक्षरांच्या गटाला गण म्हणतात. लघू-गुरूंच्या तीन जागांवर आठच रचना शक्य आहेत, म्हणून गणही आठच. ते लक्षात ठेवायला 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र पाठ करून घेतात. त्यामागची करामत मात्र क्वचितच कोणी उलगडून दाखवते. कोणतीही सलग तीन अक्षरे घ्या, पहिल्या अक्षराचा गण त्यांत तयार असतो. 'यमाता' म्हणजे लगागा, तो 'य' गण. एक अक्षर पुढे सरका: 'मातारा', तिन्ही गुरू, तो 'म' गण. असे सरकत 'सलगा'पर्यंत गेलात की आठही रचना प्रत्येकी नेमकी एकदा येऊन गेलेल्या असतात. आठ गण वेगवेगळे लिहायला चोवीस अक्षरे लागली असती. इथे ते काम दहांत झाले. याहून आखूड सूत्र होऊच शकत नाही. अशा एकमेकांत गुंफलेल्या क्रमांना आज गणितात 'द ब्राउन क्रम' म्हणतात. निकोलास द ब्राउन या डच गणितज्ञाने त्यांवर १९४६ साली शोधनिबंध लिहिला होता.

छंदातून गणित निघण्याची ही एकच वेळ नव्हे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पिंगलाने छंदांवर सूत्रे लिहिली. ठरावीक अक्षरांच्या ओळीत लघू-गुरूंच्या किती रचना होतील आणि त्या एकही न गाळता कशा मांडायच्या, हा त्यांतला एक प्रश्न होता. या मांडणीला प्रस्तार म्हणतात. प्रत्येक जागी दोनच पर्याय असल्याने बारा अक्षरांच्या ४०९६ रचना होतात. त्या सगळ्या न लिहिता अमुक क्रमांकाची रचना कोणती, हे काढायची रीतही सूत्रांत आहे. संख्या सम असेल तर निम्मी करा आणि लघू लिहा. विषम असेल तर एक मिळवून निम्मी करा आणि गुरू लिहा. ५८६ घेऊन पाहा. सम आहे: लघू, उरले २९३. विषम: गुरू, उरले १४७. पुन्हा विषम: गुरू, उरले ७४. सम: लघू, उरले ३७. बारा अक्षरे होईपर्यंत असेच करत गेलात की हातात लगागा लगागा लगागा लगागा येते. प्रस्तारातल्या ४०९६ ओळींपैकी ५८६वी ओळ म्हणजे आपले भुजंगप्रयात. आज संगणक संख्या शून्य आणि एक यांत मोडतो, त्याच जातीची ही कृती आहे. ती कवितेसाठी जन्मली, हे वाचले तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन लगेच करून पाहिली होती. तुम्हीही पाहा.

अक्षरे मोकळी सोडून फक्त मात्रा ठरवल्या की गणित वेगळे वळण घेते. चार मात्रांची ओळ किती प्रकारे होईल? तिचे शेवटचे अक्षर लघू असेल तर आधी तीन मात्रा उरतात, गुरू असेल तर दोन. म्हणजे तीन मात्रांचे प्रकार अधिक दोन मात्रांचे प्रकार. यातून १, २, ३, ५, ८, १३, २१ अशी माळ तयार होते. जग तिला फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखते. त्याचे पुस्तक १२०२ सालचे. हेमचंद्र या जैन पंडिताने हाच नियम ११५०च्या सुमारास मात्रावृत्तांच्या संदर्भात मांडला होता आणि विरहांक या छंदशास्त्रकाराने त्याच्याही कित्येक शतके आधी. आपल्या ओळीच्या वीस मात्रा या हिशेबाने १०,९४६ प्रकारे रचता येतात.

पण सगळ्या भाषांचा कान एकच गोष्ट मोजत नाही. इंग्रजी कविता शब्दांतल्या आघातांवर चालते. फ्रेंचमध्ये उच्चारखंडांची संख्या महत्त्वाची, तिथली प्रसिद्ध ओळ बारा खंडांची असते. तांग काळातल्या चिनी कवींनी स्वरांच्या चढउतारांची नक्षी विणली. जपानी हायकूचे ५-७-५ हे माप मराठीत सहसा 'अक्षरे' म्हणून सांगितले जाते, पण मूळ जपानी मोजणी आपल्या मात्रेच्या जवळची आहे. 'टोकियो' या नावातले दोन्ही 'ओ' जपानीत दीर्घ आहेत, म्हणून ते तिथे चार मात्रांचे होते. ज्या भाषेत जो फरक कानाला सहज ऐकू येतो, त्यावर तिथली कविता उभी राहते.

मराठीचे पाहा. वृत्ते संस्कृतातून आली, पण ओवी आणि अभंग यांनी लघू-गुरूंचा हिशेब बाजूला ठेवला आणि अक्षरे मोजली. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. आपली ओळ मधोमध कापली तर सहा-सहाचे दोन तुकडे आयतेच मिळतात. पुढे थोडी भर घालू:

नदीच्या तळाशी । जुनी नाव आहे ।
पाणी वर वाहे । मुक्यानेच ॥

'पाणी वर वाहे' हे गागा-ललगागा आहे. भुजंगप्रयातात ते चालले नसते, अभंगात सहज सामावते, कारण म्हणताना प्रत्येक अक्षर आपण हवे तसे लांबवून घेतो. आणि शेवटचा तो चार अक्षरांचा आखूड चरण! कान सहांची वाट पाहत असतो आणि ओळ आधीच संपते. उरलेल्या दोन अक्षरांची शांतता ऐकणाऱ्याकडे राहते. इतक्या साध्या मापात एवढा परिणाम साधणारी दुसरी रचना मला माहीत नाही.

यमक 'आहे-वाहे' मनाला काय करते, याचा एक प्रयोग मॅथ्यू मॅग्लोन आणि जेसिका तोफिगबख्श या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केला. लोकांनी न ऐकलेली काही वचने त्यांनी दोन रूपांत दिली, एक यमकासह आणि दुसरे त्याच अर्थाचे पण बिनयमकाचे. यमक असलेले रूप वाचकांना अधिक खरे वाटले. शब्दरूप आणि आशय वेगळे ठेवून विचार करा, असे बजावल्यावर हा फरक ओसरला. म्हणी यमकात का असतात आणि घोषणाही यमकात का देतात, हे यावरून कळते. यमकाची ही शक्ती कवीने जबाबदारीने वापरायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आता 'होडी'ऐवजी 'बोट' घालू. 'जुनी बोट आहे' वृत्तात चोख बसते. गा, ल, मात्रा तीन, सगळे 'नाव'सारखेच. तरी ओळ बदलली. 'नाव'मध्ये नाकातून घुमणारा 'न' आणि ओठांवरून निसटणारा 'व' आहे. 'बोट'मध्ये 'ट'पाशी हवा अडते आणि फुटते. आवाजांना आकार चिकटलेले असतात, हे वोल्फगांग क्योलर यांनी १९२९ साली दाखवले: एक गोलसर आकृती, एक टोकदार, आणि 'बालुमा' व 'ताकेते' ही दोन निरर्थक नावे. बहुतेक लोक गोल आकृतीला 'बालुमा' म्हणतात. २००१ साली रामचंद्रन आणि हबर्ड यांनी 'बूबा' आणि 'किकी' या नावांनी हीच गोष्ट पुन्हा चर्चेत आणली. बुडून शेवाळलेल्या वस्तूसाठी 'नाव' जास्त जवळचा का वाटतो, याचे निदान एक कारण इथे आहे. शिवाय ओळीत 'दी', 'शी', 'नी' असा 'ई' तीनदा येतो आणि 'ना'पाशी तोंड उघडते. अनुप्रास म्हणजे नुसती सजावट, असे समजणाऱ्याने ही ओळ पुन्हा सावकाश म्हणावी.

अर्थाकडे येऊ. ओळीत 'जणू', 'जशी', 'सारखी' असले काही नाही, म्हणून उपमा नाही. 'मन हीच नदी' असेही म्हटलेले नाही, म्हणून रूपकही नाही. तरी कित्येक वाचकांना त्या नावेत एखादी दबलेली आठवण दिसेल. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने या न सांगितलेल्या अर्थाला काव्याचा आत्मा मानले आणि त्याला ध्वनी म्हटले. शब्दाच्या शक्ती समजावताना अलंकारशास्त्रात एक ठरलेले उदाहरण येते, तेही नदीचेच: 'गंगेवर वस्ती'. प्रवाहावर घरे बांधता येत नाहीत, म्हणून आपण 'काठावर' असे समजतो. ही लक्षणा. पण वक्त्याने सरळ 'काठावर' न म्हणता 'गंगेवर' म्हटले, त्यामुळे त्या वस्तीला गारवा आणि पावित्र्य चिकटले. ही व्यंजना. समजून घेण्याचे काम लक्षणेने संपते, कविता त्यापुढे सुरू होते.

आणि श्लेष. 'नाव' स्त्रीलिंगी असेल तर पाण्यावरची, नपुंसकलिंगी असेल तर माणसाचे. 'जुनी' म्हटल्याने आपण दुसरा अर्थ बंद केला होता. तो उघडू:

नदीच्या तळाशी तुझी नाव आहे
नदीच्या तळाशी तुझे नाव आहे

वृत्त हलले नाही. एक मात्राही बदलली नाही. फक्त 'ई'चा 'ए' झाला आणि लाकडाची वस्तू हाकेत बदलली. नदीच्या तळाशी काही पडलेले असेल तर ती वस्तू असेल, असे ऐकणारे मन गृहीत धरते. संदर्भात न बसणारा शब्द आला की साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत लहरींत एक ठळक बदल दिसतो. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी तो १९८० साली नोंदवला. अशा क्षणी वृत्त भक्कम असले की वाचक वाहून जात नाही. पायाखालची लय तीच राहते, म्हणून अर्थाने घेतलेली उडी त्याला झेलता येते.

लय मोडायची असेल तर मुक्तछंद आहे. त्यात मोजमाप नसते, पण ओळ कुठे तोडायची हा निर्णय राहतोच:

नदीच्या तळाशी
तुझे नाव
आहे

शब्द तेच, क्रम तोच. चार आवर्तनांची सापासारखी चाल गेली. वृत्तात 'आहे' हा शेवटच्या लगागाची जागा भरत होता, ओळीबरोबर वाहत होता. इथे तो एकटा उभा आहे, आणि त्याच्या आधीच्या रिकाम्या जागेत वाचकाला क्षणभर वाटून जाते की पुढचा शब्द 'नाही' असेल.