तिशी ओलांडलेला रनिंग बॅक आणि टेनेसी टायटन्स : एका जुन्या पेचाची पार्श्वभूमी

७ जानेवारी २०२४ रोजी नॅशव्हिलच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधील टेनेसी टायटन्स संघाने जॅक्सनव्हिल जॅग्वार्सचा २८-२० असा पराभव केला आणि त्यांच्या बाद फेरीच्या आशा संपवल्या. टायटन्सचे स्वतःचे आव्हान तोपर्यंत कधीच आटोपले होते. तरीही सामना संपल्यावर प्रेक्षक जागचे हलले नाहीत. त्या दिवशी चेंडू घेऊन १५३ यार्ड धावलेल्या, टायटन्सच्या डेरिक हेन्रीने हातात माइक घेतला आणि आठ वर्षांच्या प्रेमाबद्दल त्यांचे आभार मानले. त्याचा करार संपत आला होता, तीनच दिवसांपूर्वी त्याला तीस वर्षे पूर्ण झाली होती आणि संघ त्याला ठेवणार की नाही, हे कोणी उघडपणे सांगितले नव्हते. मात्र त्याने घेतलेला निरोप पाहिल्यावर सांगण्यासारखे फारसे उरले नव्हते.

हा पेच केवळ हेन्रीपुरता मर्यादित नव्हता. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक चेंडू फेकतो. रनिंग बॅक तो छातीशी धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसतो. कबड्डीतला चढाईपटू निदान स्पर्श करून मागे पळू शकतो; रनिंग बॅकला पुढेच जायचे असते आणि त्याची जवळजवळ प्रत्येक धाव शंभर-सव्वाशे किलोच्या माणसांनी त्याला जमिनीवर आपटल्यावरच संपते. एका हंगामात असे तीनशेहून अधिक वेळा घडले, की त्याचा हिशेब गुडघे, घोटे आणि पाठीचा कणा ठेवतात. म्हणूनच क्वार्टरबॅक चाळिशीपर्यंत खेळला तरी कोणाला नवल वाटत नाही, पण रनिंग बॅक अठ्ठाविशीत आला की व्यवस्थापनाच्या बैठकांमध्ये त्याच्या वयाचा विषय निघू लागतो.

टायटन्सच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी जुने पदर आहेत, कारण हा संघ पिढ्यान्‌पिढ्या रनिंग बॅकच्या खांद्यावर उभा राहिला आहे. १९९७ मध्ये टेनेसीला येण्यापूर्वी तो ह्यूस्टन ऑयलर्स होता. त्या संघाने १९७८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, अगदी पहिल्या क्रमांकावर अर्ल कॅम्पबेलची निवड केली. पहिल्या तिन्ही हंगामांत लीगमधील सर्वाधिक यार्ड त्याच्याच नावावर लागले. १९८० मध्ये तर त्याने १,९३४ यार्डांची मजल मारली. पण त्यासाठी १९७९ ते १९८१ या तीन वर्षांत त्याच्या हाती तब्बल १,१०२ वेळा चेंडू देण्यात आला. बगल देण्यापेक्षा समोरच्याला धडकून पाडणे हीच त्याची शैली होती, आणि ती थोडी आवरावी असे वाटणारे त्या काळी फारसे कोणी दिसत नाही. ऑक्टोबर १९८४ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, संघाने त्याला पुढील ड्राफ्टमधील पहिल्या फेरीच्या निवडीच्या बदल्यात न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे पाठवले. दोन वर्षांत तो निवृत्त झाला. व्यवहार म्हणून संघाचा अंदाज चुकला नाही, हे मान्य करावे लागते. मात्र मणक्याच्या विकारामुळे कॅम्पबेलला पुढे चालण्यासाठीही आधार घ्यावा लागला, हे विसरून त्या व्यवहाराकडे पाहणे मला जमत नाही.

एडी जॉर्ज १९९६ मध्ये आला आणि आठ हंगामांत एकाही सामन्याला मुकला नाही. जानेवारी २००० मध्ये टायटन्स ज्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, एका यार्डाने कमी पडले, त्या सामन्यातील संघाचे दोन्ही टचडाउन (चेंडू समोरच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणे) त्याचेच होते. पुढच्या हंगामात त्याने ४०३ वेळा चेंडू वाहिला आणि तिथूनच उतरण सुरू झाली : २००१ मध्ये त्याची सरासरी प्रत्येक धावेमागे तीन यार्डांवर आली. तरीही तो दर आठवड्याला मैदानात उतरत राहिला. २००४ च्या उन्हाळ्यात संघाने त्याच्यापुढे पगारकपातीचा प्रस्ताव ठेवला, त्याने तो नाकारला आणि जुलैमध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याला मुक्त करण्यात आले. त्या वर्षी डॅलसकडून त्याने ४३२ यार्ड काढले; तोच त्याचा शेवटचा हंगाम ठरला.

ख्रिस जॉन्सनची कथा वेगळ्या वळणाची आहे. २००९ मध्ये २,००६ यार्ड काढून त्याने त्या आकड्याच्या बळावर करार मागितला, २०११ च्या सराव शिबिरापासून दूर राहिला आणि अखेर चार वर्षांची, ५ कोटी ३५ लाख डॉलरची मुदतवाढ मिळवली. त्यानंतरही तो दरवर्षी हजार यार्डांचा टप्पा ओलांडत होता, पण पगार २००९ च्या खेळाचा आणि खेळ साधारण दर्जाचा, अशी स्थिती झाली. एप्रिल २०१४ मध्ये संघाने त्याला सोडले. प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर १९९४ पासून मर्यादा आहे. एका खेळाडूला दिलेला जादा डॉलर दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून जातो. जॉन्सनच्या प्रकरणातून हा धडा अनेक संघांच्या मनावर ठसला.

हेन्रीला २०१६ मध्ये दुसऱ्या फेरीत ४५ व्या क्रमांकावर घेतले गेले, तेव्हा हा सारा इतिहास त्याच्या पाठीशी होता. सहा फूट तीन इंच उंची आणि सुमारे ११२ किलो वजन असलेला हा गडी पहिली दोन वर्षे दुय्यम भूमिकेतच राहिला. ६ डिसेंबर २०१८ च्या रात्री, स्वतःच्या बाजूच्या शेवटच्या रेषेपासून अवघ्या एका यार्डावर चेंडू मिळाल्यावर, त्याने डाव्या कडेने धाव घेतली, अंगावर येणाऱ्या बचावपटूंना उघड्या तळहाताने एकामागून एक बाजूला ढकलले आणि ९९ यार्ड पार करून टचडाउन केला. लीगच्या इतिहासात तोवर इतकी लांब धाव फक्त टोनी डॉर्सेटने घेतली होती. जुलै २०२० मध्ये त्याला चार वर्षांचा ५ कोटी डॉलरचा करार मिळाला आणि त्याच हंगामात ३७८ धावांमध्ये २,०२७ यार्ड काढून त्याने त्या कराराची किंमत वसूल करून दिली. पुढच्या वर्षी आठव्या सामन्यात पायाचे हाड मोडले, तेव्हा अनेकांना जॉर्जची उतरण आठवली. २०२२ मध्ये त्याने पुन्हा १,५३८ यार्ड काढले.

२०२३ पर्यंत मात्र बाजाराची हवा पार बदलली होती. त्या जुलैमध्ये सॅक्वॉन बार्कली, जॉश जेकब्स आणि टोनी पोलार्ड या तिघांनाही दीर्घ करार न मिळता एका वर्षाच्या टॅगच्या (करार संपलेल्या खेळाडूला संघ एकतर्फी रोखून ठेवतो त्या तरतुदीच्या) पगारावर थांबावे लागले, आणि देशभरातील नामवंत रनिंग बॅकनी ऑनलाइन बैठक घेऊन आपल्या घसरत्या किमतीची चर्चा केली. इकडे टायटन्स ६-११ असे घसरले, समोरच्यांना अडवून वाट मोकळी करणाऱ्या लाइनमनची फळी मोडकळीस आली, त्याच वर्षी टायजे स्पीअर्स हा तरुण रनिंग बॅक संघात आला आणि हंगाम संपताच प्रशिक्षक माइक व्रेबल यांना हटवण्यात आले. नवे प्रशिक्षक ब्रायन कॅलहन पासवर आधारित खेळ घेऊन आले. मार्च २०२४ मध्ये हेन्रीने बाल्टिमोर रेव्हन्सशी दोन वर्षांचा १ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. टायटन्सने त्याच्या जागी पोलार्डला वर्षाला सुमारे ७० लाख डॉलरवर घेतले.

हा शेवटचा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोघांच्या वार्षिक पगारातला फरक दहा लाखांच्या आसपास होता. म्हणजे पैसा हे खरे कारण नव्हते. संघाला नव्याने उभारणी करायची होती आणि त्या उभारणीत तिशीतल्या माणसाला स्थान नव्हते. तो विचार चुकीचा म्हणता येणार नाही. पण तसे ठरलेच होते, तर ऑक्टोबर २०२३ मधील खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत टळण्यापूर्वी, हेन्रीच्या बदल्यात ड्राफ्टमधील निवड मिळणे शक्य असतानाच, निर्णय घ्यायला हवा होता. १९८४ मध्ये याच संघाने कॅम्पबेलबाबत तेवढी सावधगिरी बाळगली होती.

शिवाय वयाचे गणित सरासरी माणसाचे असते आणि हेन्री त्या सरासरीत बसला नाही. सुरुवातीची दोन वर्षे त्याने कमी भार उचलला होता. बाल्टिमोरमध्ये स्वतः धावू शकणारा लमार जॅक्सन हा क्वार्टरबॅक असल्याने बचावफळीला एकट्या हेन्रीवर नजर ठेवता आली नाही. २०२४ मध्ये त्याने १,९२१ यार्ड काढले आणि धावून १६ टचडाउन केले, तर टायटन्सला १७ पैकी तीनच सामने जिंकता आले. मे २०२५ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, रेव्हन्सने त्याला आणखी दोन वर्षांसाठी ३ कोटी डॉलरची मुदतवाढ दिली. टायटन्सच्या नोंदवहीत सर्वाधिक यार्डांचा विक्रम आजही एडी जॉर्जच्या नावावर आहे, १०,००९ यार्डांचा. हेन्री ९,५०२ वर थांबला, ५०७ यार्ड अलीकडे.