फोर्टमध्ये इमारतीचा दर्शनी भाग कोण ठरवतो?

मुंबईच्या फोर्ट भागात नवी व्यापारी इमारत बांधताना एलिव्हेशनवर, म्हणजे दर्शनी भागावर, वेगवेगळ्या काळांतले नियम एकदम लागू होतात. ते एकमेकांशी जुळत नाहीत, कारण प्रत्येकामागचा हेतू वेगळा होता.

किल्ल्याचे तट 1860 च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, पाडले गेले. त्यानंतर आकाराला आलेल्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रोडवर, सरकारने 1896 मध्ये एक अट घातली: प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा मार्ग ठेवायचा. वरचे मजले गॉथिक असोत वा निओक्लासिकल, तो ज्याचा त्याचा प्रश्न. शैली मालकावर सोडून फक्त रस्त्याला लागणारा भाग बांधून घेणारी ही अट आजही शहाणी वाटते. तो रस्ता एकसंध दिसतो तो तिच्यामुळेच.

बॅलार्ड इस्टेटमध्ये पकड जास्त घट्ट होती. अलेक्झांड्रा डॉक खोदताना निघालेली माती भरून पोर्ट ट्रस्टने, म्हणजे बंदराचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने, ही जमीन तयार केली आणि वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या देखरेखीखाली उंची, कॉर्निसच्या (भिंतीच्या माथ्यावरच्या पुढे आलेल्या पट्टीच्या) रेषा, दगडाचं काम यांत सारखेपणा राखला. हे जमलं कारण जमीन पोर्ट ट्रस्टची होती. प्लॉट भाडेपट्ट्याने द्यायचे आणि अटी पट्ट्यातच लिहायच्या. 1898 च्या कायद्याने आलेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट या शहरसुधारणा संस्थेच्या हातात आणि पुढे बॅकबेच्या भरावावर सरकारच्या हातातही हेच हत्यार होतं. निव्वळ बांधकाम उपविधींनी हा सारखेपणा आणता आला नसता.

खासगी मालकीच्या इमारतींच्या रूपावर व्यापक नियंत्रण आलं ते 1995 मध्ये. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम 67 खाली वारसा इमारतींची यादी आणि परिसर अधिसूचित झाले. महत्त्वानुसार त्यांच्या श्रेणी ठरल्या: I, II-अ, II-ब आणि III. वारसा परिसरातल्या नव्या इमारतीलाही उंची आणि दर्शनी भागासाठी वारसा समितीचा सल्ला लागू लागला. 2018 मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूह जागतिक वारसा यादीत गेल्यावर छाननी साहजिकच वाढली.

प्रत्यक्षात कामं बिघडतात ती साहित्यात. जुन्या भिंती मालाड-कुर्ल्याकडचा पिवळसर दगड आणि काळा बेसाल्ट यांच्या, कोरीव कामाला पोरबंदरचा चुनखडक, सांधे चुन्याचे. दुरुस्तीत ते सांधे सिमेंटने भरले की भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, दगडातून वाट काढते. मऊ दगडाच्या कडा पापुद्र्यांनी सुटतात. उपाय म्हणजे सिमेंट हलक्या हाताने खरवडून चुना आणि वाळू साधारण 1:3 प्रमाणात भरणे, आणि तेही भर पावसाळ्यात नाही. दगडावर ऑइल पेंट तर अजिबात नको.

नव्या इमारतीला ‘जुळणारा’ दगड लावताना फरशी सिमेंटच्या गिलाव्यावर चिकटवली, तर पाणी मागे शिरतं, पांढरे क्षार बाहेर येतात आणि काही वर्षांत फरशी खाली येते. इथे ड्राय क्लॅडिंगच बरं: सुमारे 30 मिमी जाडीचा दगड, मागे पोकळी, स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प. समुद्र जवळ असल्याने स्टीलचा 304 पेक्षा गंजाला जास्त दाद न देणारा 316 ग्रेड घ्यावा. ठेकेदार इथेच पैसे वाचवतो.

काचेच्या इमारतींचे नियम मात्र आगीच्या धास्तीने आले. 2014 मध्ये अंधेरीच्या काचेने मढवलेल्या व्यापारी टॉवरला आग लागून अग्निशमन दलाच्या एका जवानाचा मृत्यू झाला, आणि धूर बाहेर जाणार कुठून हा प्रश्न ऐरणीवर आला. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 प्रत्येक मजल्यावर बाहेर उघडणारी, किमान 1 मी. × 1 मी. मापाची पॅनेल मागते. दोन पॅनेलच्या मध्यांत 10 मी. पेक्षा जास्त अंतर नको, उघडण्याची कडी जमिनीपासून 1.2 ते 1.5 मी. वर हवी. स्लॅब आणि काच यांमधली फट स्लॅबइतकाच अग्निरोध असलेल्या साहित्याने बंद करावी लागते. नाहीतर आग त्याच फटीतून वरच्या मजल्यावर चढते. नकाशात हे सगळं असतं. मग भाडेकरू फिट-आउट, म्हणजे आतली सजावट, करताना पॅनेलसमोर जिप्समचं पार्टिशन उभं करतो, किंवा बाहेरून त्याच जागी कंपनीचा बोर्ड चढतो, आणि ऐनवेळी पॅनेल सापडतच नाही.