मदत घेतली की धर्म बदलावा लागतो?

पूर ओसरला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यात कुजबुज सुरू होते: "चर्चवाल्यांकडून घर बांधून घेतलं, की उद्या धर्म बदलावा लागेल." २३ जुलै २०२१ रोजी म्हादई नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तशा वेळी ही भीती माणसाला फार महागात पडते.

मातीची भिंत पुरात कशीबशी तग धरते आणि पाणी उतरल्यावर बसते. पायाकडची माती भिजून मऊ झालेली असते, वाशांचा नि कौलांचा भार तिला पेलवत नाही. त्या घराला तेव्हा चिरे हवे असतात, सिमेंट हवं असतं, कोरडं अंथरूण हवं असतं.

कॅरितास गोवा ही इथल्या आर्चडायोसीजची, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मप्रांताची, समाजकार्य संस्था. कॅरितासच्या जागतिक महासंघाने रेडक्रॉस आणि इतरांसोबत १९९४ साली आपत्तिसाहाय्याची आचारसंहिता पुरस्कृत केली. तिच्यात स्वच्छ लिहिलंय: मदत गरज पाहून द्यायची, जात-धर्म पाहून नाही, आणि तिच्या आडून धर्मप्रसार करायचा नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २००५च्या परिपत्रकात हेच बजावलं.

प्रत्येक संस्था या संहितेने बांधलेली नाही, हेही खरं. कुणी अट घातलीच, तर पंचायतीत जाऊन जरूर तक्रार करा. पण नुसत्या ऐकीव गोष्टीपायी भिजल्या घरात पोरं निजवू नका.