शिक्षक व्हायचंय? आधी कम्युनिटी कॉलेज : अमेरिकेतल्या एका वाटेची पार्श्वभूमी

अमेरिकेत शिक्षक व्हायचे असेल तर पहिली दोन वर्षे जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, काढायची आणि तिसऱ्या वर्षी विद्यापीठात जायचे, असा सल्ला आज सर्रास दिला जातो. फी कमी, घरी राहता येते, नोकरीही सांभाळता येते. आपल्याकडच्या वाचकाला मात्र एक गोष्ट आधीच सांगायला हवी. टीईटी येण्यापूर्वी आपल्याकडे बारावीनंतर दोन वर्षांचे डी.एड. झाले की माणूस प्राथमिक शिक्षक व्हायला पात्र ठरत असे. अमेरिकेतली दोन वर्षांची असोसिएट पदवी तशी नाही. तेवढ्यावर सरकारी शाळेत वर्ग मिळत नाही. त्यासाठी साधारणपणे बॅचलर पदवी आणि राज्याचे लायसन्स लागते. म्हणजे कम्युनिटी कॉलेजात होते ते अर्धे काम. हे अर्धे काम तिथे कसे आले, याची गोष्ट बरीच जुनी आहे.

सुरुवातीला शिक्षक घडवणे हे विद्यापीठांचे काम नव्हतेच. मॅसॅच्युसेट्स राज्यात शिक्षणसुधारक होरेस मान यांच्या प्रयत्नांतून 1839 साली लेक्सिंग्टन इथे पहिले सरकारी नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा, निघाले. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी होत्या तीन आणि शिकवायला सायरस पीअर्स. अभ्यासक्रम छोटा, प्रवेशाच्या अटी साध्या. शेतकऱ्याघरच्या मुलींना पगाराची नोकरी मिळवून देणारी ही त्या काळातली मोजक्या वाटांपैकी एक होती. पुढे राज्याराज्यांत अशी नॉर्मल स्कूले उभी राहिली. इलिनॉय राज्यातले असे स्कूल 1857 चे; त्याच्या स्थापनेचे कायदेशीर कागद अब्राहम लिंकन या वकिलाने तयार केले होते. ज्या गावात ती संस्था आहे, त्याचे नाव आजही नॉर्मलच आहे.

मग या शाळांची बढती झाली. नॉर्मल स्कूलचे टीचर्स कॉलेज झाले, त्याचे स्टेट कॉलेज, आणि शेवटी विद्यापीठ. लेक्सिंग्टनची ती शाळा जागा बदलत आज फ्रेमिंगहॅम स्टेट युनिव्हर्सिटी झाली आहे. शिक्षकांची प्रतिष्ठा वाढावी हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण संस्था मोठी झाली की तिचे दार गावापासून दूर जाते, तसेच इथेही झाले. विद्यापीठ म्हटले की अभियांत्रिकी आली, व्यवस्थापन आले, संशोधन आले. शिक्षणशास्त्र हा अनेक विभागांपैकी एक विभाग उरला.

याच इलिनॉयमध्ये, जोलिएट इथे, 1901 साली दुसरा धागा सुरू झाला. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना वाटे की पदवीची पहिली दोन वर्षे विद्यापीठाबाहेरही शिकवता येतील. जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी ते करून पाहिले. हायस्कूल संपलेल्या सहा विद्यार्थ्यांना गावातच कॉलेजचा अभ्यास मिळाला. हे पहिले सरकारी ज्युनियर कॉलेज, म्हणजे आजच्या कम्युनिटी कॉलेजाचे जुने रूप (आपल्याकडचे अकरावी-बारावीचे नव्हे). ट्रान्सफरची, म्हणजे दोन वर्षांनंतर विद्यापीठात जाण्याची, कल्पना अशी जन्मापासूनच या संस्थांच्या अंगात आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अनेक राज्यांत प्राथमिक शिक्षकाला दोन वर्षांचे शिक्षण पुरत असे, त्यामुळे ज्युनियर कॉलेजेही थेट शिक्षक तयार करत. पण राज्ये एकेक करून बॅचलर पदवीची अट घालत गेली. 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक राज्यांत ती पक्की झाली आणि दोन वर्षांच्या कॉलेजांचे हे काम जवळजवळ संपले. गंमत अशी की याच दशकात देशात साडेचारशेच्या आसपास नवी कम्युनिटी कॉलेजे उघडली. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाने 1947 साली शिफारस केली होती की घरापासून जवळ, परवडणारे उच्च शिक्षण सगळ्यांना मिळावे. ते घडत होते, पण त्यात शिक्षक प्रशिक्षणाला जागा नव्हती.

कॅलिफोर्नियाने तर ही विभागणी आराखड्यातच लिहून टाकली. 1960 च्या मास्टर प्लॅनप्रमाणे, म्हणजे राज्याच्या उच्च शिक्षणाच्या आराखड्याप्रमाणे, कम्युनिटी कॉलेजे सगळ्यांसाठी खुली, आणि शिक्षक घडवण्याचा मुख्य भार स्टेट कॉलेजांवर. त्यात 1970 च्या रायन कायद्याने ठरवले की आधी एखाद्या विषयाची पदवी घ्या, अध्यापनाचे प्रशिक्षण त्यानंतर. मग पहिल्या दोन वर्षांत भावी शिक्षकाने शिकायचे काय? इंग्रजी, गणित, इतिहास, विज्ञान, बालविकास. वर्गात बसून निरीक्षणाचे थोडे तास. बस.

चित्र पालटले ते 2000 नंतर. शिक्षकांचा तुटवडा होता, विशेषतः गणित, विज्ञान आणि विशेष शिक्षणात. त्यात जानेवारी 2002 मध्ये ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर सही झाली. गरीब वस्त्यांतल्या शाळांना केंद्राचा जो निधी मिळतो, त्यातून चालणाऱ्या कामात शिकवायला मदत करणाऱ्या सहायकांना या कायद्याने दोन वर्षांचे कॉलेज, असोसिएट पदवी किंवा परीक्षा यांपैकी एक बंधनकारक केले. हे सहायक बहुतांशी त्याच वस्तीतले, पुष्कळ ठिकाणी मुलांची घरची भाषा बोलणारे. त्यांना रात्रीचा वर्ग लागणार होता आणि तो कम्युनिटी कॉलेजातच होता. माझ्या मते या वाटेला खरी गर्दी आणली ती या अटीने. कॉलेजच्या पायरीवर आलेल्यांना ‘मग पूर्ण शिक्षकच का होऊ नये’ असे वाटणे साहजिक होते.

अडचण होती क्रेडिटांची, म्हणजे प्रत्येक विषय पुरा केल्यावर जमा होणाऱ्या गुणांकांची. विद्यापीठ दोन वर्षांचे सगळे क्रेडिट ‘घेते’, पण त्यातले काही फक्त ऐच्छिक विषयांत टाकते, आणि शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी तोच विषय पुन्हा करायला लावते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2017 साली मांडलेला अंदाज असा, की 2004 ते 2009 या काळात कॉलेज बदलणाऱ्यांचे सरासरी 43 टक्के क्रेडिट वाया गेले. हा आकडा सर्व शाखांचा आहे. स्वस्त वाट यामुळेच महाग पडते.

मेरीलँडने यावर 2001 मध्ये उपाय काढला. शिक्षकांसाठी वेगळीच असोसिएट पदवी आखली, आणि राज्यातल्या विद्यापीठांनी तिचे क्रेडिट एकेक विषय न तपासता एकगठ्ठा स्वीकारायचे ठरले. कॅलिफोर्नियाने 2010 च्या कायद्याने अनेक शाखांसाठी तशी पदवी आणली. साठ युनिट (तिथले क्रेडिट) कॉलेजात, उरलेली साठ स्टेट युनिव्हर्सिटीत. प्राथमिक शिक्षकांसाठीची पदवी त्याच चौकटीत बसते. फ्लोरिडाने मात्र ट्रान्सफरच टाळले. 2001 साली सेंट पीटर्सबर्ग ज्युनियर कॉलेजला बॅचलर पदवी देण्याची मुभा मिळाली, त्यात शिक्षणशास्त्र होतेच. संस्थेने नावातला ‘ज्युनियर’ही काढून टाकला. मायामी-डेड कॉलेजही त्याच वाटेने गेले; 2003 मध्ये त्याच्या नावातला ‘कम्युनिटी’ गेला. नॉर्मल स्कूलांना जी बढती मिळाली होती, तीच आता या कॉलेजांना मिळते आहे. पुढे तीही गावापासून दूर जातील का, हा प्रश्न मला पडतो.

अलीकडचे प्रयोग मात्र शाळेच्या बाजूने सुरू झालेले दिसतात. टेनेसीमधल्या क्लार्क्सव्हिल-मॉन्टगोमेरी शाळा विभागाने ऑस्टिन पी स्टेट युनिव्हर्सिटीबरोबर उभारलेल्या योजनेला 2022 मध्ये केंद्रीय कामगार खात्याची अप्रेंटिसशिप म्हणून मान्यता मिळाली. त्यात उमेदवार दिवसा शाळेत पगारी सहायक असतो आणि पदवीचा अभ्यास नोकरीबरोबरच पुरा करतो.